मुळासकट

मान वर करा. दोन्ही गोण्या इथे टेबलासमोर आणा, सगळ्या वर्गाला दिसतील अशा ठेवा आणि सुतळी तुमच्या हाताने सोडा.

सोमवारी शाळेत रानभाज्यांचं प्रदर्शन आहे, प्रत्येक गटाने पाच भाज्यांचे नमुने आणावेत, एवढंच मी फळ्यावर लिहिलं होतं. नमुना म्हणजे मूठभर पाला, एखादं फूल, मिळाली तर एक शेंग. तुम्ही सहा जणांनी दोन गोण्या भरून आणल्यात. मुळासकट, मातीसकट. शाळेमागचा उतार एका सकाळीत ओरबाडून आलात आणि वर मला विचारता, "बाई, पहिला नंबर आमचाच ना?"

नाही. तुमचं टेबल लागणारच नाही. बसा खाली, आणि मी गोणीतून काय काढते ते मोजा.

हे शेवळ. एकोणीस कंद. शेवळाचं खातात काय, सांगा कुणीतरी. कुणालाच माहीत नाही? मिरगाचा पाऊस पडला की पान फुटायच्या आधी जमिनीतून जो कोंब वर येतो, तो खातात. तोही काकडाची आंबट फळं घालून, नाहीतर घसा असा खाजतो की जीव नकोसा होतो. आता श्रावण चाललाय. कोंब कधीच संपले. आता वर दिसतं ते पान, आणि ते पान पावसाचे हे दोन-तीन महिने खाली कंदात पुढच्या वर्षाची शिदोरी भरत असतं. शेवळाचं काय खायचं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून तुम्ही कंद काढलात. एकोणीस कंद म्हणजे पुढच्या मिरगाला एकोणीस ठिकाणी काहीच उगवणार नाही.

ही करटोली. चार वेल, गड्ड्यांसकट. दोन वेलींना फळं आहेत, दोन वेलींना नाहीत. "या वांझ होत्या बाई, म्हणून अख्ख्या उपटल्या," असं तूच मघाशी म्हणालास. वांझ नव्हत्या, ते नर वेल होते. करटोलीत नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेगळा. नराच्या फुलातला पराग मादीच्या फुलापर्यंत पोचला नाही तर एक फळ धरत नाही. पुंकेसर आणि स्त्रीकेसर तू चाचणीत आकृती काढून दाखवलेस, नावं दिलीस, पूर्ण गुण घेतलेस. मी दिले. ते गुण आज मला परत घ्यावेसे वाटतात, कारण कागदावर ओळखलेलं फूल तुला बांधावर ओळखता आलं नाही. आणि उरलेल्या ज्या मादी वेली त्या उतारावर तुमच्या नजरेतून सुटल्या असतील, त्यांनाही यंदा फळ धरणं तुम्ही अवघड करून ठेवलंय.

ही भारंगी. झुडूप आहे हे, दरवर्षी नव्याने उगवणारा पाला नव्हे. कोवळी पानं खुडायची, पुढे फुलं आली की फुलांची भाजी करायची, आणि झुडूप आहे तिथे उभं राहू द्यायचं. एकच झुडूप वर्षानुवर्षं घराला भाजी देतं. भारंगीची मुळी औषधात जाते म्हणून ती आधीच खणली जाते. त्यात तुमची भर.

टाकळ्याबद्दल मी काही बोलणार नाही. तो रस्त्याच्या कडेला माजलाय, बियांवर येतो, हवा तेवढा आणा. सगळं रान सारखं नसतं, हेच मला तुम्हाला सांगायचंय. कुठल्या झाडाचं पान घ्यायचं, कुठल्याचा कोंब, कुठल्याला फक्त फळ पिकल्यावर हात लावायचा आणि कुठल्याच्या वाटेला जायचंच नाही, हे ज्याला कळत नाही त्याने विळा घेऊन रानात शिरू नये.

आणि आता हे. हा कंद कुणी आणला? उभा राहा. काय म्हणून आणलास?

करांदा.

पुढे ये. नीट बघ. करांदे वेलीला वर लागतात, पानांच्या बगलेत, आणि दिवाळीच्या आगेमागे काढतात. हा तू जमिनीतून काढलायस, भर पावसात. आकार बघ याचा, नांगराच्या फाळासारखा वाकलेला. संस्कृतात या झाडाला लांगली म्हणतात ते त्यामुळेच. लांगल म्हणजे नांगर. याच्या पानाचं टोक बघितलं होतंस? तारेसारखं वळलेलं असतं, त्याने हे झाड शेजारच्या झुडपाला धरून वर चढतं. फूल पिवळं-तांबडं, पाकळ्या ज्वाळेसारख्या वर वळलेल्या. शाळेच्या कुंपणाला रोज तुझ्या डोळ्यांसमोर आहे ते. ही कळलावी. कुणी हिला खड्यानाग म्हणतं, कुणी वाघनखी. आपल्या माणसांनी नावातच सांगून ठेवलंय की ही कळ लावते. हिच्या कंदात कोल्चिसीन असतं. कंद म्हणून शिजवून खाल्ला तर आधी उलट्या, मग जुलाब, मग आतला एकेक अवयव बंद पडत जातो, आणि त्याला उतारा असं औषध नाही.

तुझ्या आईने हा उकडायला घातला असता तर? सांग ना. तू घरी नेऊन "बाईंनी आणायला सांगितलं, करांदा आहे" म्हणाला असतास तर तिने विश्वास ठेवला असता. तुझी धाकटी बहीण दुसरीत आहे. तिने आधी खाल्ला असता, कारण घरात पहिला घास तिचा असतो. माझे हात अजून गार पडलेत. शिक्षा मी तुला मुळासकट उपटण्याची देईन. पण ओरडतेय ती या कंदासाठी.

माझाही दोष आहे, आणि तो मी तुमच्यासमोर मान्य करते. काय आणायचं ते मी सांगितलं, कसं आणायचं ते सांगितलं नाही. मला वाटलं, पोलादपूरच्या डोंगरातली पोरं आहेत, त्यांना काय सांगायचं. तिथे मी चुकले. पण तुम्हाला विचारता आलं असतं. विचारलं नाहीत, कारण तुम्हाला वाटलं की येतं. कुठून येतं, ते तुमच्यातलाच एक जण बोलून गेला: "गेममध्ये ड्रॅग करून सगळं सिलेक्ट करतो ना बाई, तसंच केलं."

ठीक आहे. मग गेमवरच बोलू.

गेल्या शनिवारी मधल्या सुट्टीत तुम्ही संगणकाच्या खोलीत भावाच्या लॅपटॉपवर रिमवर्ल्ड खेळत होतात, तेव्हा मी तुमच्या मागे उभी होते. तुम्हाला कळलं नाही, इतके रमला होतात. मी बंद करा म्हटलं नाही, पाहत राहिले. तीन माणसं एका अनोळखी जागी येऊन पडलेली. जवळचं अन्न थोडं, शेत पिकायला वेळ, म्हणून आधी रानातली बेरीची झुडपं शोधायची. झुडपावर गेलं की ते किती टक्के वाढलंय ते दिसत होतं. तू मित्राचा हात धरलास आणि म्हणालास, "थांब, पिकू दे, आत्ता काढलंस तर कमी मिळेल." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या खेळात फळ काढायची आज्ञा वेगळी आणि झाड तोडायची आज्ञा वेगळी. फळ काढलं तरी झुडूप उभं राहतं, पुन्हा धरतं. ज्याला झाडांचं काम येत नाही त्याला पाठवलं तर माल हातचा वाया जातो, म्हणून तू तिघांमधली जी बाई त्या कामात जाणती होती तिला पाठवलंस. मला तेव्हा तुझं कौतुक वाटलं होतं. खोलीबाहेर जाताना मी मनात म्हटलं, पोरगं डोकं वापरतंय.

असाच दुसरा एक खेळ आहे, बॅनिश्ड नावाचा, २०१४ साली आलेला, एका माणसाने एकट्याने बनवलेला. माझा पुतण्या तो खेळायचा, त्याने मला दाखवला होता. त्यात रानातून अन्न गोळा करणाऱ्यांची झोपडी बांधायची असते. ती जुन्या, दाट रानात बांधली तर टोपल्या भरतात. आजूबाजूची झाडं लाकडासाठी तोडत गेलात की टोपल्या रिकाम्या येऊ लागतात आणि पहिल्या थंडीत गाव उपाशी मरतं. पुतण्याचं गाव दोनदा मेलं, तेव्हा तो शहाणा झाला.

म्हणजे खेळाने तुम्हाला वाईट काही शिकवलं नाही. पिकू दे, झुडूप राख, जाणत्याला पाठव, पुढच्या ऋतूसाठी ठेव, हे सगळं त्यात होतं. तुम्ही पडद्यावर ते पाळता, कारण तिथे चूक केली की डाव हरतो. आणि इथे? इथे डोंगर कुणाचाच नाही असं तुम्हाला वाटतं. तिथल्या झुडपाची तुम्ही टक्केवारी बघता आणि इथल्या झुडपाचं नावसुद्धा विचारत नाही. तिथे डाव बिघडला तर मागच्या जागेवरून पुन्हा सुरू करता येतो. म्हणून तुम्हाला वाटतं की सगळीकडेच तसं असतं. कळलावी खाल्ल्यावर मागे जाता येत नाही.

आता जे सांगणार आहे ते मला सांगायला जड जातंय, पण सांगणार.

खेळात तू जाणत्या बाईला पाठवलंस. या वर्गात ती जाणती कोण आहे, तुला माहीत नाही? तिसऱ्या बाकावर खिडकीजवळ बसते. आज आली नाही, आणि का आली नाही ते तुम्हा सहा जणांना चांगलं ठाऊक आहे. जुलैत तिने डब्यात कुर्डूची भाजी आणि नाचणीची भाकरी आणली होती. तुमच्यापैकी कुणीतरी म्हणालं, "गवत खाते." बाकीचे हसलात. मी वर्गात नव्हते, मला नंतर कळलं, आणि तेव्हाच मी तुम्हाला उभं करायला हवं होतं. त्यानंतर तिचा डबा कुणी उघडलेला पाहिला नाही. आणि आता त्याच गवताला बक्षीस आहे म्हटल्यावर तुम्ही गोण्या घेऊन धावलात.

ती आदिवासीवाडीतली आहे, कातकरी आहे. कातकरी हे नाव कातावरून आलं, खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. रान ज्यांचं पिढ्यान्‌पिढ्या शेत होतं अशी ती माणसं. आषाढात घरातलं धान्य संपत आलं की हेच कोंब, हाच पाला, हेच कंद त्यांना तारून न्यायचे. एकट्या त्यांनाच नव्हे, तुमच्या-माझ्या आज्यांनाही. कडू कंद कसा चिरायचा, किती वेळ उकळायचा, किती वेळा पाणी ओतून टाकायचं, हे तिची आई डोळे मिटून सांगेल. तिची आई करटोलीची फळं काढते आणि वेल जाग्यावर ठेवते. शेवळाचे कोंब काढते, कंद ठेवते. तिला कुणी नरमादीचा धडा शिकवला नाही, तरी ती नर वेल उपटत नाही. दिवाळीनंतर ते कुटुंब वीटभट्टीवर जाईल, पोरगी वर्गात दिसणार नाही, आणि परत येईल तोवर रान जसं ठेवलं तसं सापडावं, एवढंच त्यांना हवं असतं. ते तुम्ही गोणीत भरलंत.

महाड आपल्यापासून लांब नाही. २० मार्च १९२७ ला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. दरवर्षी मार्चमध्ये मी तुम्हाला ते शिकवते, तुम्ही निबंध लिहिता, भाषणं पाठ करता. त्या तळ्यापासून इतक्या जवळ राहणाऱ्या मुलांनी एका मुलीच्या डब्यावर हसावं? माणसाच्या पाण्याला आणि माणसाच्या घासाला कमी लेखायचं नाही, यासाठी ती माणसं तिथे गेली होती. यात मी कुणाला सूट देणार नाही. गुण चांगले आहेत म्हणून नाही, आईवडील ओळखीचे आहेत म्हणून तर नाहीच.

तुम्हाला कदाचित वाटत असेल की अशा ज्ञानाला बाहेर कोण विचारतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. घरात गावरान बियाणं जपलं, बायकांना दिलं, बियाण्याची बँक उभी केली. त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने करवंदाची कोकण बोल्ड नावाची जात काढली. तुम्ही ज्याला काटेरी झुडूप म्हणता त्या करवंदाची.

करवंदाचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकते. मे महिन्यात आंबेनळी घाटाच्या वाटेवर करवंदाच्या जाळ्या तुम्ही कशा साफ केल्यात, ते मी एस.टी.च्या खिडकीतून पाहिलं. एकेक करवंद वेचायला काटे बोचतात, म्हणून अख्ख्या फांद्या मोडून खाली आणायच्या आणि झाडून फळं काढायची. हिरवी, लाल, काळी, सगळी एकत्र. काळी खाल्लीत, हिरवी फेकलीत. फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ आम्हीही खेळलो. पण आम्ही फांदी मोडली असती तर घरी मार बसला असता. ज्या बाया पानांच्या द्रोणात करवंदं विकतात त्यांची महिना-दीड महिन्याची मिळकत त्या जाळ्यांवर असते. बुलबुलांची पोटं त्यावर भरतात, आणि तेच बुलबुल बी दुसरीकडे टाकतात, तिथे नवी जाळी येते. मोडलेल्या फांदीला पुढच्या वर्षी फळ नाही. फाल्गुनात कुणी गवताला आग लावतं, वणवा चढतो आणि ऐन फुलोऱ्यातल्या जाळ्या काळ्या पडतात. त्यातून ज्या वाचतात त्या तुम्ही मोडता.

उताराबद्दल एक गोष्ट. तळिये, साखर सुतारवाडी, केवनाळे, जुलै २०२१ च्या दरडींतली ही नावं मी तुम्हाला सांगायला नकोत. तुमच्यापैकी काहींच्या घरातली माणसं त्यात गेली आहेत. चार झुडपं उपटली म्हणून डोंगर खाली येत नाही, मी तुम्हाला खोटी भीती घालणार नाही. दरडीची कारणं मोठी आहेत. पण तुम्ही जिथे खणलंत तिथे आज विसाहून जास्त खड्डे आहेत, त्यात पाणी भरतंय, आणि त्या खड्ड्यांतली माती उद्या पऱ्ह्यात जाणार. एवढं तरी तुमचंच काम आहे.

आता काय करायचं ते ऐका. वही काढा.

शेवळाचे कंद आणि करटोलीचे गड्डे ओल्या गोणपाटात गुंडाळून व्हरांड्यात सावलीला ठेवा. आज रात्री सुकता कामा नयेत. भारंगीची मुळं मातीच्या गोळ्यासकट बादलीत. उद्या रविवार आहे, सकाळी साडेसहाला फाट्यावर, सहाच्या सहा जण, विळा नाही, गोणी नाही, मोबाइल नाही. मी आज संध्याकाळी आदिवासीवाडीत जाऊन त्या मुलीच्या आईला, त्या मावशींना हात जोडून विचारणार आहे, की आमच्या पोरांना घेऊन एकदा रानात फिराल का. त्या नाही म्हणाल्या तर तो त्यांचा हक्क आहे, मग आपण आपले खड्डे बुजवून परत येऊ. हो म्हणाल्या तर त्या पुढे, तुम्ही मागे. त्या दाखवतील तिथे कंद परत लावायचे, त्या सांगतील तेवढ्या खोलीवर. त्या दिवशी एक पान तोडायचं नाही.

वहीत चार रकाने आखा. झाडाचं नाव, त्या काय म्हणतात ते नाव. कुठला भाग घेतात. कुठल्या महिन्यात. आणि चौथा रकाना, काय मागे ठेवतात. माधव गाडगीळ यांनी गावोगावच्या माणसांकडून अशाच नोंदी करून घेतल्या, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीकडे अशी लोकांची नोंदवही असायला हवी. तुमच्या वह्या नीट झाल्या तर मी स्वतः ग्रामपंचायतीत नेऊन देईन, आणि माहिती कुणी दिली तिथे त्या मावशींचं नाव सगळ्यात वर असेल, तुमचं खाली.

त्या मुलीची माफी मागायची आहे. वर्गासमोर नाही, तिला पुन्हा सगळ्यांच्या नजरेत उभं करायचं नाही. तिच्या घरी, तिच्या आईसमोर. "गवत" कोण म्हणालं ते मला माहीत आहे. पण त्याने स्वतःहून बोलावं, मी नाव घेणार नाही. बाकीचे हसलात, त्यांनीही बोलायचं.

आणि सोमवारी तुमच्या टेबलाच्या जागी काय असेल ते मावशी ठरवतील.

रडू नकोस. पूस डोळे आधी, पण त्या हातांनी नाही. कळलावीचा कंद माझ्याजवळ राहू दे, मी तो नीट पुरते. तुम्ही सगळे नळावर जा, हात साबणाने दोनदा धुवा, नखांतली मातीसुद्धा काढा, आणि मगच डबे उघडा.